रांगेतलं शेवटचं जहाज
डिसेंबर आला की १९७१ आठवतं. उकव्याच्या मॅंगनीज खाणीवर बाबा स्टोअरकीपर. संध्याकाळी सगळी वस्ती रेडिओभोवती. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. म्हणून तो नौदल दिन. पण नौका लहान, त्यांचा पल्ला कमी. सोबत किल्तान, कच्छल होत्या, आणि तेल पुरवणारं 'पोषक'ही. त्याचं नाव मी फार उशिरा वाचलं. पुढे या कामाला मोठी जहाजं आली. २०११ मध्ये मुंबईत दाखल झालेलं, इटलीत बांधलेलं 'दीपक' तेलासोबत पाणी, दारूगोळाही पुरवतं. बाबा म्हणायचे, "स्टोअर बंद तर खाण बंद." तेव्हा मी हसायचो. बाबा, आज पटतं.