परक्या दस्तरखानावरचा मुसाफिर

इब्न बतूता म्हटला की आपल्याकडे मुहम्मद तुघलकाच्या दरबारापासूनच गोष्ट सुरू होते. सुलतानाच्या लहरी, देवगिरीला हलवलेली राजधानी, दिल्लीची काझीगिरी. मी शाळेत त्याच्याविषयी सांगू लागले की मुलींचा प्रश्न मात्र भलताच असतो: "टीचर, वो इतने साल खाता क्या था?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1304 साली टँजिअरला जन्मलेला हा माणूस 1325 मध्ये हजसाठी घराबाहेर पडला आणि जवळजवळ तीस वर्षे परक्यांच्या घरी जेवत राहिला. 1355 मध्ये फेझ शहरी त्याने आपला सफरनामा इब्न जुझय्यकडून लिहून घेतला, तेव्हा कुठे काय पानात पडले हे त्याला बारकाईने आठवत होते. त्यातला हिंदुस्थानचा भाग उर्दूत 'अजायबुल-असफार' या नावाने वाचायला मिळतो.

त्या काळी मुसाफिराचे बाहेर जेवणे म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी मेहमान होणे. अनातोलियात 'अखी' नावाची कारागिरांची मंडळे होती. सभासद दिवसभर कमवायचे, असरनंतर कमाई म्होरक्याकडे जमा करायचे आणि त्यातून मुसाफिरांना जेवू घालायचे. लाजिक गावच्या बाजारात इब्न बतूता शिरला तर दोन्हीकडून लोक धावून आले, घोड्यांचे लगाम धरले, आपसात सुरे निघाले. त्याला तुर्की येत नव्हते. त्याला वाटले, लुटारूच आले! पुढे अरबी जाणणाऱ्या एकाने उलगडा केला. भांडण पाहुणा कुणाकडे जेवणार याचे होते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या.

पण पाहुण्याची परीक्षाही पानावरच व्हायची. सिनोप शहरात त्याला आणि सोबत्यांना हात सोडून नमाज पढताना लोकांनी पाहिले. ती मालिकी पद्धत. तिथले लोक हनफी, त्यांना ती माहीत नव्हती. हे शिया असावेत असा संशय आला. विचारपूस करूनही तो फिटेना, तेव्हा सुलतानाच्या नायबाने एक ससा पाठवला आणि पाळतीला नोकर दिला. शिया ससा खात नाहीत. यांनी तो हलाल केला, शिजवला, खाल्ला आणि संशय मिटला. माणूस कोणता, हे त्याच्या थाळीवरून ठरवण्याची सवय काही आजची नाही.

हिंदुस्थानात मुलतानहून दिल्लीला येताना वाटेत शाही जेवण मिळाले. आधी सरबत, मग पातळ रोट्या, भाजलेले मांस, तूप-कांदा-आले घालून शिजवलेले मांस, आणि 'समूसक': खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते यांचे सारण पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले. आपल्या इफ्तारीतल्या समोशाचा हा पूर्वज. शेवटी विडा. तांदूळ आणि मुगाची खिचडी लोक तूप घालून रोज सकाळी खातात हेही त्याने टिपले. मगरिबमध्ये जसा हरीरा, तशी इथे खिचडी, असे तो सांगतो.

याच दिल्लीत त्याने दुष्काळही पाहिला. एका ठिकाणी काही बायका महिन्यांपूर्वी मेलेल्या घोड्याचे कातडे कापून खात होत्या, बाजारात शिजवलेली कातडी विकली जात होती. सुलतान कुतबुद्दीनच्या मकबऱ्याची व्यवस्था त्याच्याकडे होती. तिथे रोज बारा मण पीठ आणि तेवढेच मांस शिजायचे, ते त्याने पस्तीस-पस्तीस मणांवर नेले. (त्या काळचा दिल्लीचा मण आपल्या जुन्या मणाच्या निम्म्याहून लहान होता.) आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घातले. हे तो स्वतःच सांगतो, त्यात थोडी बढाई असेलही. तरी आयुष्यभर पाहुणा राहिलेला हा माणूस इथे तेवढा यजमान झाला.

1342 साली सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला आणि दौलताबादेवरून नंदुरबारला आला. दौलताबादेला वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबे त्याला आवडली. नंदुरबारचे मराठे कारागिरीत निष्णात, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे तो म्हणतो. त्यांच्यातल्या वरच्या जातींचे खाणे भात, भाज्या आणि तिळाचे तेल. जनावर मारणे त्यांना पसंत नाही, आणि जेवणाआधी ते गुस्ल केल्यासारखी अंघोळ करतात. सातशे वर्षांपूर्वीच्या आपल्या मुलखातल्या स्वयंपाकाचे हे दर्शन मोलाचे आहे, पण ते उंबऱ्याबाहेरून घेतलेले. एका पदार्थाची चव तो सांगत नाही.

तसा चवीचा मजकूर होनावरला मिळतो. तिथला सुलतान जमालुद्दीन. तांब्याचे ताट, त्याला तिथे 'तालम' म्हणत. रेशीम नेसलेली एक दासी पळीने भात वाढते, वर तूप, कडेला मिरीचे घोस, आले, लिंबू, आंबा यांचे लोणचे. भाताचा घास, मागून लोणचे. मग पुन्हा भात आणि कोंबडी, पुन्हा भात आणि दुसऱ्या तऱ्हेची कोंबडी, मग नाना प्रकारचे मासे, मग तुपातल्या भाज्या, शेवटी दही. दही आले की जेवण संपले समजायचे. वर गरम पाणी, कारण पावसाळ्यात गार पाणी बाधते. कोकणातल्या कुणालाही हे वाचताना आपल्याच घरी बसल्यासारखे वाटेल. वाढणाऱ्या हाताचे तरी वर्णन त्याने केले, चुलीपुढच्या हातांचे नाही. जाता जाता सांगते, याच गावी त्याने मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या, आणि असे दुसरीकडे कुठे दिसले नाही असे नोंदवले. माझ्या मुलींना सफरनाम्यातले हेच वाक्य सर्वांत आवडते.

तिथे तो पुढे अकरा महिने राहिला, रोटीचा तुकडा नाही. मालदीव, सिलोन, मलबार, माबर धरून तीन वर्षे नुसता भात. शेवटी पाण्याबरोबर गिळावा लागे!

मलबारात वेगळीच गोष्ट. मुसलमान जेवला ते भांडे तिथले हिंदू फोडत किंवा त्यालाच देऊन टाकत. जिथे मुसलमानांची घरे नसत तिथे ते त्याच्यासाठी रांधत आणि केळीच्या पानावर वाढत. उरलेले कुत्र्या-पाखरांना. मुक्कामामुक्कामाला मुसलमानांची घरे होती म्हणून प्रवास जमला, हे तो मान्य करतो. वेगळा कप, वेगळे भांडे आपल्या आजीच्या पिढीने पाहिले आहे. इब्न बतूता मात्र न चिडता लिहितो. भांडे फुटले हे लिहितो, आणि अन्न मिळाले हेही लिहितो.

म्हणून त्याचे मालीतले वागणे मला खटकते. 1352 साली तो सहारा ओलांडून गेला. त्या मुलखात मुसाफिराला शिदोरी लागत नाही, मीठ, काचेचे मणी आणि मसाले देऊन गावोगावच्या बायकांकडून बाजरी, दूध, कोंबडी मिळते, अशी तारीफ त्यानेच केली. राजधानीत कंदाची लापशी खाऊन सहाही जण आजारी पडले. एक दगावला, हा स्वतः फजरच्या नमाजात कोसळला आणि दोन महिने अंथरुणावर होता. त्यानंतर सुलतान मन्सा सुलेमानचा नजराणा आला. याला वाटले, खिलअत आणि मोहरा असतील. निघाल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्यात दही. तो हसला आणि त्या लोकांच्या अकलेची कीव केली. पुढे भर दरबारात सुलतानाकडे तक्रार करून त्याने घर आणि सोने मिळवले.

लाजिकच्या कारागिरांनी घातलेले जेवण ज्याने मोठे मानले, त्याला राजाच्या घरची भाकरी हलकी वाटली. त्या तीन भाकऱ्यांपैकी एखादी त्याने खाल्ली का, हे मात्र त्याने लिहिलेले नाही.