एका मोनची चोरी

जपानांतील राकुगो या कथनकलेंत गादीवर गुडघे मुडपून एकच कथाकार बसतो. पडदे नाहींत, सोंगें नाहींत. मिटलेला पंखा आणि हातरुमाल एवढाच त्याचा सरंजाम. परंतु तोच पंखा जेवणाच्या काड्यांप्रमाणें धरून, डाव्या हातांतील अदृश्य वाडग्यावर फुंकर घालून तो सुर्रकन् शेवया ओढूं लागला, म्हणजे श्रोत्यांच्या तोंडास पाणी सुटतें. कुट्टूच्या पिठाच्या बारीक शेवया म्हणजे सोबा, गव्हाच्या जाड शेवया म्हणजे उदोन. दोहोंचा आवाज निराळा वठला नाहीं, तर जाणकार नाक मुरडतात.

राजेरजवाड्यांच्या मेजवान्या दप्तरांत नोंदल्या जातात; रस्त्यावरचें खाणें बहुधा विस्मृतींत जातें. एदो शहराचें, म्हणजे आजच्या तोक्योचें, असें खाणें 'तोकी-सोबा' या विनोदी कथेनें जिवंत ठेविलें आहे. एदो हें लांकडी घरांचें शहर. १६५७ च्या आगीनें त्याचा मोठा भाग जाळला, आणि १६८६ सालीं सरकारनें पेटता विस्तव घेऊन सोबा-उदोन विकत हिंडण्यास मनाई केली. पण भुकेपुढें हुकूम टिकला नाहीं. रात्रीं घरीं परतणाऱ्या कारागिरास कढत रस्सा हवा होता, आणि खांद्यावर चूल वाहणारा विक्रेता तो पुरवीत होता. पुढें वाडग्यास १६ मोन हा भाव रूढ झाला. या सोब्याचें 'निहाचि' म्हणजे 'दोन-आठ' हें नांव बे आठे सोळा या हिशेबावरून पडलें, कीं दोन भाग गहूं व आठ भाग कुट्टू या प्रमाणावरून, हा वाद अजून मिटलेला नाहीं.

कथेंतील लबाड गिऱ्हाईक काड्या, वाडगा, रस्सा, सर्वांची तोंड भरून स्तुति करतें. मग विक्रेत्याच्या तळहातावर एकेक मोन मोजतें: सात, आठ, "आतां किती वाजले?" "नऊ." "दहा, अकरा..." एक मोन वाचला! हें पाहणारा एक भोळसट दुसऱ्या रात्रीं उतावळेपणानें लवकरच येतो. आठ मोन मोजून वेळ विचारतो, उत्तर येतें, "चार." तो पुढें मोजतो, "पांच, सहा..." आणि सोळाऐवजीं वीस मोन देऊन बसतो.

नवाच्या आधीं चार कसे? जुन्या जपानांत मध्यरात्रीस नऊ ठोके पडत. पुढें आठ, सात असे उतरत चारावर येत, आणि माध्यान्हीं पुन्हा नऊ. १८७१ सालीं येन हें नवें चलन आलें; १८७३ च्या आरंभीं पाश्चात्य पंचांग व चोवीस तासांचा दिवस आला. मूळ कथा ओसाकाची आणि उदोनाची. तिसऱ्या यानागिया कोसाननें ती मेजी काळांत तोक्योस आणून उदोनाचा सोबा केला, तेव्हां ते ठोके सरकारी व्यवहारांतून गेले होते. म्हणजे तोक्योचा श्रोता प्रथमपासूनच गतकाळाला हंसत होता.

आजचे कथाकार आरंभींच बोलतां बोलतां ते जुने ठोके समजावून देतात; नाहींतर विनोद फुकट जावयाचा. त्यांची खरी कसोटी मात्र दुसऱ्या वाडग्याशीं लागते. कडा फुटलेला वाडगा, खारट रस्सा, गिचका झालेल्या जाड शेवया, आणि तरीहि स्तुतीचे शब्द शोधणारा तो भोळसट. चांगलें खाल्ल्याची नक्कल पुष्कळांना साधते. वाईट सोबा घशाखालीं उतरवून दाखविणें फार थोड्यांना.