शालजोडीतला जॉन्सन

लेखी इंग्रजीत कुणाचा पाणउतारा करायचा तर आधी भाषा मऊ करावी लागते. माझ्या वर्गातल्या मुलांना हे पटायचं नाही. टर उडवायची म्हणजे चार जहाल विशेषणं आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग, असा त्यांचा खाक्या. मग मी त्यांना सॅम्युएल जॉन्सनचं 7 फेब्रुवारी 1755 चं पत्र वाचायला द्यायचो.

आपल्या इंग्रजी कोशाचा आराखडा जॉन्सनने 1747 मध्ये लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून लिहिला होता. लॉर्डसाहेबांनी दहा पौंड हातावर टेकवले आणि विषय संपवला. लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घरात, माळ्यावर, सहा मदतनीस घेऊन जॉन्सन खपत राहिला. कोश बाहेर पडायची वेळ आली तेव्हा कुठे, 1754 च्या अखेरीस, साहेबांनी ‘द वर्ल्ड’ या नियतकालिकात दोन लेख लिहून त्याची तारीफ केली.

त्यावर जॉन्सनने चेस्टरफील्डला लिहिलेल्या या पत्रात एकही अपशब्द नाही. माणूस पाण्यात गटांगळ्या खाताना निवांत बघत राहायचं आणि तो काठाला लागला की त्याच्या अंगावर मदतीचं ओझं टाकायचं, यालाच आश्रयदाता म्हणतात ना, एवढंच तो अदबीने विचारतो. खाली रीतीप्रमाणे नम्र सेवक म्हणून सही. चेस्टरफील्डही पक्का दरबारी. पत्र टेबलावर ठेवून तो आल्यागेल्याला दाखवायचा, त्यातल्या खाशा जागांची वाखाणणीही करायचा.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत या जॉन्सनवर भरभरून लिहिलं. शास्त्रीबुवांची स्वतःची लेखणी मात्र जोडा शालीत गुंडाळायच्या भानगडीत फारशी पडली नाही.

कोशातही जॉन्सनने चिमटे काढलेच. ओट हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात, अशी त्याची नोंद. आणि सहातले पाच मदतनीस स्कॉटिश! अबकारी कराच्या व्याख्येत तर त्याने शाल बाजूलाच ठेवली. ती व्याख्या इतकी झोंबली की अबकारी अधिकाऱ्यांनी सरकारी वकिलाचा सल्ला घेतला. अब्रुनुकसानी होते खरी, पण त्याला सुधारायची संधी द्या, असं मत पडलं. सुधारतोय कोण!

‘पेन्शन’ म्हणजे देशाशी गद्दारी करणाऱ्या सरकारी भाडोत्र्याचा पगार, अशा अर्थाचीही एक नोंद होती. 1762 मध्ये राजाने जॉन्सनलाच सालीना 300 पौंडांचं पेन्शन दिलं आणि त्याने ते घेतलं. विरोधकांनी त्याचीच व्याख्या त्याच्या तोंडावर फेकली. 1773 च्या चौथ्या आवृत्तीसाठी त्याने सगळा कोश पुन्हा तपासला. ती नोंद तशीच ठेवली.