युनियन आणि कामावरची निष्ठा : मुंबईच्या गिरण्यांचा दाखला

आजचा विषय आयोजकांनी प्रश्नाच्या रूपात दिला आहे : कामगार युनियनचा सभासद झाला, की त्याची कामावरची निष्ठा कमी होते का?

खरं म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न कुणी प्रश्न म्हणून विचारतच नाही. 'युनियन आली आणि कारखाना बसला' हे वाक्य आपण उत्तर म्हणूनच वापरतो. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच ठामपणे 'संघटित कामगार हाच खरा कामगार' असं सांगतात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे अशा वाक्यांपाशी आमचा पाय अडखळतो. 'यानंतर ते झालं' आणि 'यामुळे ते झालं' ही दोन वेगळी विधानं आहेत, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात सांगावं लागतं. तेव्हा आज आपण एकच ठिकाण घेऊ, मुंबईच्या कापडगिरण्या, आणि कशानंतर काय झालं ते आधी नीट लावून पाहू.

त्याआधी एक भेद मनाशी ठेवा. 'कामावरची निष्ठा' या शब्दांत आपण दोन गोष्टी एकत्र करतो. पहिली : हाती घेतलेलं काम मन लावून, वेळेवर, नीट करणं. दुसरी : एका माणसाने किती काम करायचं हे ठरवण्याचा अधिकार निमूटपणे दुसऱ्याला देणं. पहिली निष्ठा कामाशी आहे, दुसरी काम देणाऱ्याशी. या दोहोंची गल्लत झाली की या विषयावरचा सगळा वाद भरकटतो.

आता इतिहास. मुंबईचा गिरणी कामगार काम चुकवतो ही तक्रार फार जुनी आहे. सरकारने नेमलेल्या १९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे ती वारंवार मांडली गेली. कामगार मधूनच खात्यातून बाहेर पडतो, आवारात रेंगाळतो, विडी ओढत बसतो, पगार झाला की खाडे करतो. त्यामुळे हजेरीपटावर जरुरीपेक्षा जास्त माणसं ठेवावी लागतात, असं गिरण्यांचं म्हणणं होतं.

त्या वेळी मुंबईत युनियन किती होत्या? आज आपण ज्याला युनियन म्हणतो, म्हणजे वर्गणी, सभासद, नियम, निधी असलेली संस्था, तशी जवळजवळ नव्हतीच. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले, आणि त्यांच्यामागे त्यांची संघटनाही विरली. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगावाने सहा दिवस संप केला, पण तो पुकारणारी युनियन नव्हती. म्हणजे तक्रार आधीची आहे आणि युनियन नंतरची. जे कार्य कारणाच्या आधीच हजर आहे, ते त्या कारणाचं कार्य असू शकत नाही.

मग तो कामगार रेंगाळत का होता? १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने, आणि तीही बारा तासांची. उन्हात, दमट हवेत, कापसाच्या धुळीत कुठलाही माणूस सलग चौदा तास उभा राहू शकत नाही. विश्रांती उघडपणे मिळत नसेल तर तो ती चोरून घेतो. मालकाच्या वहीत तिचं नाव कामचुकारपणा असं पडतं.

लोखंड्यांनी हे आधीच ओळखलं होतं. महात्मा फुल्यांचे हे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सभा घेऊन त्यांनी जो अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. कामावर अपघात झाला तर पोटापाण्याची काही सोय. या मागण्यांत 'आम्हाला कमी राबवा' एवढंच नाही. कामाला सुरुवात हवी, शेवट हवा, मध्ये विसावा हवा, असं त्यांचं म्हणणं आहे. वेळेची शिस्त आधुनिक उद्योगाने कामगाराला शिकवली असं आपण मानतो. इथे कामगारच मालकाकडे वेळेची शिस्त मागतो आहे. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली.

शिस्तीचा दुसरा अडथळा भरतीच्या पद्धतीत होता. माणूस कामावर घ्यायचा, काढायचा, त्याला खात्यात कुठे लावायचं, हे सगळं जॉबरच्या हातात. नोकरी मिळवायला त्याला दस्तुरी द्यायची, टिकवायलाही द्यायची. शिवाय बदली कामगार होते. पहाटे गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी परत. अशा माणसाने कामावर निष्ठा ठेवायची म्हणजे नेमकी कशावर ठेवायची? आज या मागावर, उद्या दुसऱ्याच्या, परवा घरी. त्याची व्यवहारातली निष्ठा जॉबरवर जाऊन बसली, आणि ते अगदी साहजिक होतं.

आता मुंबईबाहेर पाहू. ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली एक गाजलेला निबंध लिहिला. १९१० च्या सुमारास जगभरच्या कापडगिरण्यांत एक कामगार किती यंत्रं सांभाळतो याचा त्याने हिशेब मांडला. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जेवढं काम करी, तेवढ्याला दीड ब्रिटिश कामगार लागत, आणि भारतीय, जपानी, चिनी किंवा ग्रीक असे जवळजवळ सहा. क्लार्कने यावरून स्थानिक संस्कृतीबद्दल निष्कर्ष काढले, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. आपल्याला त्यातली एकच गोष्ट पाहायची आहे. १९१० चं लँकशायर हे कापडउद्योगातल्या बलाढ्य युनियनांचं माहेरघर होतं. तिथल्या विणकरांचे दर १८९२ पासून युनियन आणि मालक यांनी मिळून केलेल्या छापील तक्त्याप्रमाणे ठरत, आणि तिथला विणकर साधारणपणे चार माग चालवी. युनियन नसलेल्या मुंबईतला विणकर दोन माग चालवी. युनियनमुळे काम घटतं हा जर नियम असता, तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

हे एका बाजूचं झालं. दुसरी बाजू लपवली तर ते व्याख्यान राहणार नाही, प्रचार होईल.

१९२० च्या दशकात जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. तेव्हा मालकांनी कार्यक्षमतेच्या योजना आणल्या : विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे, कताई खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. त्यातून १९२८ चा सार्वत्रिक संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. त्याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, जन्माला आली आणि वर्षअखेरीस तिचे सभासद ५४ हजारांवर गेले. जपानी आणि भारतीय गिरण्यांची तुलना करणाऱ्या सुसान वोलकॉट यांनी असं दाखवलं, की दोन युद्धांच्या मधल्या काळात जपानमध्ये दर कामगारामागे यंत्रं भराभर वाढली आणि भारतात फारशी वाढली नाहीत, आणि त्यामागे कामगारांचा संघटित विरोध हे मोठं कारण होतं. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. लँकशायरच्या विणकरांनीसुद्धा १९३१-३२ मध्ये जादा मागांना असाच विरोध केला.

पण या विरोधाला आळस म्हणता येईल का? जपानच्या गिरण्यांत तरुण मुली होत्या. दोन-चार वर्षं काम करून त्या लग्नासाठी घरी परत जात, त्यामुळे कुणाला न काढताही माणसं कमी करता येत. मुंबईतला विणकर मात्र कोकणातलं किंवा घाटावरचं कुटुंब त्या पगारावर पोसत होता. तिसरा माग आला की शेजारचा माणूस जाणार, आणि तो शेजारचा माणूस बहुतेक वेळा त्याच्याच गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा असे. त्यात हलक्या कापसाचं सूत वारंवार तुटे. म्हणजे तिसरा माग चालवताना सुताचा दोषही त्याच्याच मजुरीतून जाणार. हा विरोध पहिल्या निष्ठेविरुद्ध नव्हता, दुसरीविरुद्ध होता. त्याने उद्योगाचं काही नुकसान झालं असेल, ते मान्य करू. पण नुकसान आणि कामचुकारपणा हे दोन वेगळे शब्द आहेत.

युनियनवर खरा नैतिक आरोप ठेवायचा तर तो निराळ्या ठिकाणी ठेवावा लागतो, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठेवला. विणाई खात्यात मजुरी चांगली, पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि स्पृश्य विणकरांना त्यात विटाळ वाटे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संप समितीकडे आग्रह धरला, की ही बंदी उठवण्याची मागणीही यादीत घ्या. समितीने ती नाखुशीनेच घेतली. इथे बघा, एखाद्या माणसाचा चांगलं काम शिकण्याचा आणि करण्याचा हक्कच नाकारला गेला होता, आणि तो नाकारणारा मालक नव्हता, सोबतचा कामगार होता. सभासदांच्या कामावरच्या निष्ठेचं रक्षण करणारी संघटना दुसऱ्याच्या निष्ठेला दार बंद करू शकते. युनियनचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

यापुढचा टप्पा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा. एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक म्हणून मान्यता, आणि कामगारांच्या वतीने बोलणी फक्त तिनेच करायची. गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेलं. मान्यता सभासदसंख्येच्या नोंदीवर, गुप्त मतदानाने कौल घेण्याची सोय नाही. परिणामी लाखो कामगारांना कागदावर आवाज होता, पण तो आपला आहे असं त्यांतल्या पुष्कळांना वाटत नव्हतं.

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा बोलणं. फ्रीमन आणि मेडॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हाच विचार युनियनला लावला. युनियन असलेल्या ठिकाणी कामगार नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण कमी असतं, असं त्यांना आढळलं. आणि उत्पादकता वाढते की घटते हे बरंचसं व्यवस्थापन आणि युनियन यांच्या संबंधांवर अवलंबून असतं. मुंबईला हे लावून पाहा. बोलण्याची वाट नव्हती तेव्हा कामगार खाडे करून आणि रेंगाळून 'निघून' जात होता. १९४६ नंतर बोलण्याची वाट होती, पण तिच्या दारावर दुसराच माणूस उभा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं या मागण्यांबरोबर हा कायदा बदला, अशीही मागणी होती. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही.

'संपाने गिरण्या बुडाल्या' असं सांगणाऱ्यांना आम्ही अहमदाबादकडे बघायला सांगतो. तिथला मजूर महाजन संघ १९२० पासूनचा, गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाईंच्या परंपरेतला, लवाद आणि सामोपचार मानणारा. तिथे १९८२ सारखा संप झाला नाही, तरी १९८० आणि ९० च्या दशकांत तिथल्याही गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धाग्याचं कापड, जुनाट यंत्रांत न घातलेलं भांडवल ही कारणं दोन्ही शहरांत होती. मुंबईत त्यात जमिनीच्या भावाची भर पडली. संपाने मुंबईचा शेवट जवळ आणला असेल, पण युनियन भांडखोर असो की समंजस, शेवट दोन्हीकडे तोच झाला.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. कामावरची निष्ठा ही युनियनचं कार्ड घेतल्याने येतही नाही आणि जातही नाही. जिथे कामाचे तास, मजुरी आणि उद्याची नोकरी यांबद्दल माणसाला काही बोलता येतं, तिथे ती टिकते. युनियन हे त्या बोलण्याचं साधन आहे. साधन बिघडू शकतं, कुणाच्या मक्तेदारीत जाऊ शकतं, जातीच्या भिंतीही सांभाळू शकतं. पण साधन बिघडलं म्हणून बोलण्याची गरज संपत नाही.

हे केवळ जुन्या काळाचं बोलणं नाही. आज एमआयडीसीच्या दारात ठेकेदाराच्या गाडीतून उतरणारा कंत्राटी मुलगा आणि १९२० सालचा बदली कामगार यांच्यात फार अंतर नाही. त्याला कुठल्याही युनियनने बिघडवलेलं नाही, कारण बहुतेक वेळा त्याच्याकडे युनियनच नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव अधिकार दिला आहे. त्या ५१ टक्क्यांत हा मुलगा मोजला जाणार का? 'हल्लीच्या पोरांना कामाची चाड नाही' असं म्हणण्याआधी आपण एवढं तरी विचारावं, की त्याला कामाबद्दल बोलायला आपण जागा ठेवली आहे का.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे.