डरॅमचा बैल

गुरांच्या प्रदर्शनांत एखादें जनावर रिंगणांत आणतात, तेव्हां खराऱ्यानें त्याचें अंग इतकें झळझळीत केलेलें असतें कीं, पाहणाराची नजर कातडीवरच ठरते. हें पोसणें आणि सजविणें कोठवर जातें, हें एका बैलाच्या चरित्रावरून आज पाहूं.

इंग्लंडच्या उत्तरेस डार्लिंग्टनजवळ केटन येथें चार्ल्स कॉलिंग हा गृहस्थ आखूड शिंगांच्या गुरांची पैदास करीत असे. त्याच्या गोठ्यांत १७९६ सालीं हा बैल जन्मला. बाप ‘फेव्हरिट’ नांवाचा नामांकित वळू. वासरूं खच्ची करून केवळ पोसण्यासाठीं ठेवलें. सलगम आणि जवसाची पेंड यांच्या जोरावर हिंवाळ्यांतहि गुरांच्या अंगीं मांस चढवितां येऊं लागलें होतें. पांचव्या वर्षीं या बैलाचें वजन सुमारें ३,०२४ रतल असावें, असा अंदाज केला गेला.

१८०१ च्या फेब्रुवारींत तो १४० पौंडांस विकला गेला. मे महिन्यांत जॉन डे यानें त्याला वाहून नेण्याच्या गाडीसह २५० पौंडांस घेतलें. जुलैंत त्याचे २,००० पौंड येत होते, तरी डे यानें तो दिला नाहीं! पुढें जवळजवळ सहा वर्षें बैल गाडींतून इंग्लंड-स्कॉटलंडभर हिंडला, आणि लोक पैसे देऊन त्याला पाहूं लागले. जॉन बोल्टबी या चित्रकाराच्या चित्रावरून १८०२ सालीं त्याचे छापहि निघाले.

चरबीचा हा सोस अगदींच वेडेपणाचा नव्हता. घरांतले दिवे चरबीच्या बत्त्यांचे होते. मेदाला बाजारांत भाव होता. १७९८ सालीं लंडनांत स्थापन झालेली, पुढें स्मिथफील्ड क्लब म्हणून गाजलेली संस्था पुष्ट गुरांना बक्षिसें देई. पण बक्षीस ज्याला, तेंच लोक वाढवितात. प्रसिद्ध कोरीवकार टॉमस ब्यूइक यानें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, गुरांचीं चित्रें काढतांना, नसलेल्या ठिकाणीं चरबीचे गोळे दाखवावेत अशी मालकांची अपेक्षा असे. त्यानें तें नाकारलें, आणि तें काम त्याच्या हातून गेलें. खरारा व पेंड यांनीं जें साधलें नाहीं, तें कुंचल्यानें साधावयाचें होतें!

१८०७ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें बैलाच्या मांडीचा सांधा निखळला. आठ आठवडे वाट पाहून एप्रिलांत त्याला मारावें लागलें. इतक्या दुखण्यानंतरहि त्याचें मांस २,३२२ रतल, चरबी १५६ रतल व कातडें १४२ रतल भरलें.

खच्ची असल्यामुळें त्याचा वंश राहिला नाहीं. कीर्तीचा लाभ मात्र कॉलिंगच्या कळपास झाला. १८१० सालीं त्याच ‘फेव्हरिट’चा दुसरा पुत्र, ‘कॉमेट’ वळू, १,००० गिनींस विकला गेला. त्या बैलाच्या देहावर लोकांनीं जें पाहिलें, त्यांतलें रक्ताचें किती आणि पेंडीचें किती, हें गाडीपुढें उभ्या राहिलेल्या गर्दीला कसें कळावें?

म्हणून जाणता परीक्षक केवळ झळाळीवर निकाल देत नाहीं. तो जवळ जातो, बरगडीवर आणि कमरेवर हात फिरवितो, चामड्याखालीं मांस आहे कीं नुसता मेद, हें बोटांनीं चांचपतो. आणि मगच बक्षिसाचें नांव उच्चारतो.