फक्त सभासदांसाठी : बर्लिनच्या ज्यू कुलटुअरबुंडची आठ वर्षं

आज आपण एका नाट्यगृहाबद्दल बोलणार आहोत. बर्लिनमध्ये कोमांडान्टेन रस्त्यावर ५७ नंबरच्या इमारतीत ते होतं. आंतोन आणि डोनाट हेर्नफेल्ड या दोन भावांनी १९०६ मध्ये ते सुरू केलं. दोघंही नट, दोघंही लेखक. फार्स करायचे. ज्यू घरांतल्या गमतीजमती, पत्त्यांच्या डावावरून होणारी भांडणं, हा त्यांचा माल. लोक पोट धरून हसायचे आणि समाजातली काही प्रतिष्ठित मंडळी चिडायची. आपलीच टवाळी आपणच चारचौघांत कशाला करायची, असा त्यांचा आक्षेप. हा वाद आपल्याला काही नवा नाही, मराठी नाटकानंही तो पुष्कळदा झेलला आहे.

१९३५ साली ही जागा पुन्हा ज्यू कलावंतांच्या हाती आली. फरक एवढाच, की हेर्नफेल्डांच्या काळी तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकायचं. आता दारात फोटो लावलेलं सभासदपत्र दाखवावं लागायचं आणि सभासद फक्त ज्यू माणसालाच होता यायचं. ज्यू नसलेल्यांना आत यायला बंदी. याला अपवाद एकच, गेस्टापोची माणसं. ती खुर्ची अडवून बसलेली असायची, वही घेऊन.

या संस्थेचं नाव कुलटुअरबुंड, म्हणजे सांस्कृतिक संघ. ती कशी जन्माला आली ते आधी बघू.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिलला सरकारी नोकऱ्यांचा तो कुप्रसिद्ध कायदा झाला. जर्मनीत बहुतेक मोठी नाट्यगृहं, ऑपेरा आणि वाद्यवृंद सरकारी किंवा नगरपालिकेच्या पैशावर चालायचे. त्यामुळे ज्यू नट, गायक, वादक, पडदे रंगवणारे, प्रकाशयोजना करणारे असे सगळे काही आठवड्यांत घरी बसले. कुर्ट बाउमान नावाच्या एका तरुण सहायक दिग्दर्शकाच्या डोक्यात कल्पना आली, की एकट्या बर्लिनमध्ये दीड लाखाहून जास्त ज्यू आहेत, तर त्यांच्या वर्गणीवर एक नाट्यगृह चालू शकेल. तो गेला कुर्ट झिंगर यांच्याकडे. हे झिंगर म्हणजे अजब गृहस्थ. मेंदूविकारांचे डॉक्टर, शिवाय संगीतज्ञ, गायकवृंदाचे संचालक, बर्लिनच्या नगर-ऑपेरात मोठ्या पदावर काम केलेले. त्यांनी ही योजना उचलून धरली.

परवानगी कुणाकडे मागायची, तर हान्स हिंकेल या नाझी अधिकाऱ्याकडे. आणि त्यानं ती दिली! का दिली? कारण सोपं आहे. बेकार कलावंतांचा भार सरकारवर नको होता, ज्यूंना वेगळं काढून एका छपराखाली ठेवलं की पाळत ठेवणं सोपं जातं, आणि परदेशी वार्ताहरांना दाखवता येतं की बघा, आमच्याकडे ज्यूंचं स्वतःचं नाट्यगृहसुद्धा आहे. ही तीन कारणं लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यावं लागणार आहे.

महिना अडीच मार्क वर्गणी ठरली. पहिल्या हंगामात वीस हजारांच्या आसपास सभासद झाले. १ ऑक्टोबर १९३३ ला शार्लोटन रस्त्यावरच्या दुसऱ्या एका नाट्यगृहात पहिला पडदा उघडला. नाटक होतं लेसिंगचं 'नाथान द वाइज'. अठराव्या शतकातल्या या जर्मन नाटकात ख्रिस्ती आणि मुसलमान पात्रं अखेर एकाच कुटुंबाची निघतात आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. दिग्दर्शक कार्ल लोवेनबर्ग यांनी शेवट वेगळा बसवला. बाकीचे सगळे निघून जातात आणि नाथान रंगमंचावर एकटा उरतो. लेसिंगचा एक शब्दही न बदलता. वहीवाल्यांना यात आक्षेपार्ह काय सापडणार? आणि खाली बसलेल्यांना काय समजायचं ते समजलं.

आता सेन्सॉरबद्दल. प्रत्येक कार्यक्रमाची संहिता आधी हिंकेलच्या कचेरीत जायची. जाहिरात फक्त ज्यू वृत्तपत्रांतच करायची. सुरुवातीचं नाव होतं 'जर्मन ज्यूंचा सांस्कृतिक संघ'. १९३५ मध्ये ते बदलायला लावलं, कारण ज्यू जर्मन असूच शकत नाही! मग जर्मन कलाकृतींवर कात्री. शिलर आधीच गेला होता, नंतर गटे गेला, १९३७ मध्ये बेथोव्हेन. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर मोझार्ट आणि शूबर्टही 'आपले' झाले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य झाले. उलट बाजूनं पाहा. मेंडेल्सझोन, मालर, ओफेनबाख हे जन्मानं ज्यू संगीतकार बाहेर बंद. लाइपझिगमधला मेंडेल्सझोनचा पुतळा १९३६ मध्ये उखडला गेला. त्यांचं संगीत ऐकायचं तर या कुंपणाच्या आत यायचं.

संस्थेच्या आतही भांडण होतंच. आपण सादर करायचं काय? झिंगरांसारख्यांचं म्हणणं, की आम्ही जन्मभर गटे आणि बेथोव्हेनवर वाढलो, तेच आमचं. झिओनवादी म्हणायचे, सोडा आता हे जर्मन वेड, यिडिश आणि हिब्रू करा. गंमत अशी, की 'ज्यू तेच करा' हेच हिंकेललाही हवं होतं. वेगवेगळ्या हेतूंनी दोघं एकच मागणी करत होते. आणि सामान्य सभासदाला काय हवं होतं? त्याला हसायचं होतं. दिवसभर अपमान गिळून संध्याकाळी गंभीर शोकांतिका बघायला जायचं त्याच्या जिवावर यायचं.

म्हणून विनोदाकडे वळू. माक्स एर्लिश हा १९३३ पूर्वीचा बर्लिनचा लाडका विनोदी नट आणि नकलाकार, सिनेमातही दिसलेला. सत्तांतरानंतर तो परदेशात गेला, तिथे नीट बस्तान बसेना, १९३५ मध्ये परतला आणि कुलटुअरबुंडच्या हलक्याफुलक्या कार्यक्रमांच्या विभागाचा प्रमुख झाला. गाणी, छोटे प्रवेश, पियानोवर बसून गप्पा मारल्यासारखं गाणं, असा तो प्रकार. आपल्याकडच्या एकपात्री आणि वगनाट्याच्या मधलं काहीतरी समजा. राजकारणावर चकार शब्द काढायचा नाही. मग विनोद कशावर? तर बायकोवर, घरमालकावर आणि स्थलांतरावर. व्हिसाच्या रांगा, इंग्रजीचे धडे, नकाशात कुठे आहे तेही माहीत नसलेल्या देशात जाणारे शेजारी. आम्हाला वाटतं, हे विषय निरुपद्रवी नव्हतेच. पण वहीत लिहिण्यासारखंही त्यात काही नव्हतं.

जॅझची गोष्ट जरा वेगळी. नाझींच्या लेखी जॅझ म्हणजे काळ्यांचं आणि ज्यूंचं कारस्थान. १९३५ च्या ऑक्टोबरात जर्मन रेडिओनं जॅझवर बंदीच जाहीर केली. बर्लिनमध्ये सिड केज फेलोज नावाचा एक वाद्यवृंद होता. नाव इंग्रजी, मंडळी बर्लिनची. झिगमुंड पेट्रुश्का आणि कुर्ट कायझर हे त्याचे सूत्रधार. पोट्सडामर चौकातल्या हाउस फाटरलांड या प्रचंड मनोरंजनगृहात ते वाजवायचे. १९३३ नंतर ती दारं बंद झाली आणि ते ज्यू समाजाच्या कार्यक्रमांत वाजवू लागले. वाइनट्राउब्ज सिंकोपेटर्स हा दुसरा वाद्यवृंद, ज्यांना तुम्ही 'ब्लू एंजल' या चित्रपटात पाहिलं असेल, तो १९३३ मध्येच दौऱ्यावर म्हणून बाहेर पडला आणि रशिया, जपान करत ऑस्ट्रेलियात पोहोचला. पेट्रुश्का १९३८ मध्ये पॅलेस्टाइनला गेले.

याच सुमारास बर्लिनमध्ये दोन छोट्या ज्यू रेकॉर्ड कंपन्या होत्या. हिर्श लेविन यांचं ग्रेनाडियर रस्त्यावर हिब्रू पुस्तकांचं दुकान होतं आणि त्यांच्या कंपनीचं नाव 'झेमर'. मोरित्स लेविन यांची 'लुक्राफोन'. आडनाव एकच, कंपन्या वेगळ्या. काम नसलेले गायक-वादक त्यांना आयतेच मिळाले. प्रार्थनागीतं, यिडिश लोकगीतं, ऑपेरातले तुकडे, कॅबरेची गाणी, सगळं एकाच दुकानातल्या फळीवर. डोरा गेर्सोन या गायिकेचं 'फोरबाय', म्हणजे 'सरलं', हे गाणं लुक्राफोननं काढलं. डोराचा पहिला नवरा फाइट हारलान. हाच पुढे 'युड झ्यूस' या ज्यूद्वेषी चित्रपटाचा दिग्दर्शक झाला.

मग ९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र आली. सिनेगॉग जळाले, हजारो पुरुष छळछावण्यांत गेले. लेविनच्या दुकानातल्या तबकड्या आणि त्या छापायचे धातूचे साचे फोडले गेले. सगळ्या ज्यू संस्था बंद झाल्या. आणि अवघ्या काही दिवसांत हिंकेलच्या कचेरीतून हुकूम आला की नाटक सुरू करा! नटांना छावणीतून सोडवून आणावं लागलं. २२ नोव्हेंबरला 'पाऊस आणि वारा' अशा अर्थाच्या नावाचं एक इंग्रजी नाटक लागलं, तरुण विद्यार्थ्यांच्या प्रेमाबिमाचं. बाहेरच्या काचा अजून झाडल्या जात होत्या म्हणा ना.

इथे ती तीन कारणं पुन्हा आठवा. परदेशी वार्ताहरांना दिवे लागलेलं नाट्यगृह दाखवायचं होतं. मग कलावंतांनी नकार द्यायला नको होता का? हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. परदेशात असलेला लेखक कुर्ट टुखोल्स्की यानं तर त्याआधीच जर्मनीतल्या ज्यूंच्या असल्या जुळवून घेण्यावर कडक टीका केली होती. टीकाकारांचं म्हणणं असं, की या संस्थेनं जगणं सुसह्य केलं आणि म्हणून माणसं वेळेवर निघाली नाहीत. आम्ही यावर बराच विचार केला आणि हे म्हणणं आम्हाला अर्धंच पटतं. झिंगरांचं काय झालं पाहा. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते अमेरिकेत होते. तिथेच राहा, असं लोक सांगत होते. ते परत निघाले, का, तर आपली माणसं तिकडे आहेत. हॉलंडमध्ये मित्रांनी त्यांना कसंबसं थांबवलं. म्हणजे संस्थेच्या ओढीनं एक माणूस खरोखर परत आला. पण दुसरीकडे हेही खरं, की जर्मनीतल्या पाच लाखांपैकी निम्म्याहून अधिक ज्यू युद्धाआधी आणि युद्धाच्या पहिल्या वर्षांत बाहेर पडले. उरलेल्यांत म्हातारे आणि गरीब खूप होते. त्यांना नाटकानं अडवलं नव्हतं. त्यांच्याकडे व्हिसा नव्हता, जहाजाचे पैसे नव्हते. अशा माणसानं अडीच मार्कांत काय विकत घेतलं? उबदार खोली, ओळखीचे चेहरे आणि कलावंताच्या घरी चूल पेटण्याइतका पगार. या हिशेबात आम्हाला तरी फसवणूक दिसत नाही.

ज्यांना वेळेत निघता आलं, त्यांच्यातला एक मुंबईला आला. वाल्टर काउफमान. कुलटुअरबुंडशी त्यांचा संबंध नव्हता, पण शिक्षण बर्लिनचं. १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. आकाशवाणीची ती सकाळची सुरावट त्यांचीच.

१९३९ च्या वसंतात माक्स एर्लिशनं बर्लिनमध्ये निरोपाचा प्रयोग केला आणि तो हॉलंडला गेला. ११ सप्टेंबर १९४१ ला गेस्टापोनं कुलटुअरबुंड बंद केला. आठवड्यानंतर, १९ सप्टेंबरपासून कपड्यांवर पिवळा तारा सक्तीचा झाला. १८ ऑक्टोबरला बर्लिनहून ज्यूंना पूर्वेकडे नेणारी पहिली गाडी सुटली. आता दाखवायला नाट्यगृहाची गरज उरली नव्हती.

हॉलंडही सुरक्षित नव्हताच. एर्लिश, संगीतकार विली रोझेन, पियानोवादक एरिश त्सीग्लर हे सगळे वेस्टरबोर्कच्या छावणीत पुन्हा भेटले. तिथून बहुतेक वेळा मंगळवारी गाडी सुटायची, आउशवित्स किंवा सोबिबोरला. छावणीत १९४३-४४ मध्ये त्यांनी सहा रेव्ह्यू बसवले आणि छावणीप्रमुख गेमेकर पहिल्या रांगेत बसून हसायचा. रंगमंचावर असलेल्याचं नाव यादीतून मागे पडायचं, तेवढा काळ. मग त्या प्रयोगांना प्रेक्षक म्हणून जावं की नाही, यावर छावणीत वाद होता. काही जण जायचे, काही जण पाठ फिरवायचे. १९४४ च्या शरदात एर्लिश आणि रोझेन आउशवित्समध्ये मारले गेले. डोरा गेर्सोन त्याआधीच, १९४३ मध्ये, नवरा आणि मुलांसह. झिंगर फेब्रुवारी १९४४ मध्ये तेरेझिनला वारले.

साचे फुटले, पण विकल्या गेलेल्या तबकड्या स्थलांतर करणाऱ्यांच्या ट्रंकांतून जगभर गेल्या होत्या. राइनर लोत्स या जर्मन संशोधकानं त्या एकेक करून शोधल्या आणि २००० च्या आसपास त्यांचा मोठा संच प्रसिद्ध झाला. मग अॅलन बर्न या संगीतकारानं त्या ऐकून 'झेमर' नावाचाच एक वाद्यवृंद उभा केला आणि बर्लिनच्या गोर्की नाट्यगृहात ती गाणी पुन्हा वाजली. 'फोरबाय' त्यांत आहे. आणि या वेळी आत यायला सभासदपत्र लागलं नाही.