पासवर्डची अमानत

दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही. दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याचे काम माणसाने यंत्रावर सोपवले, तेव्हा आपला पासवर्डही त्याच्याकडे अमानत ठेवला. ती कशी सांभाळली गेली, याचा इतिहास आपण सर्वांनी वाचावा असा आहे.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये 'लॉगिन' करू पाहत होता. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश म्हणजे दूरच्या दारावर मारलेली ही अर्धवट हाक होती.

तेव्हा हाक मारायला माणूस हजर होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्समध्ये माइक लेस्क यांनी यूयूसीपी ही प्रणाली लिहिली. तिच्यामुळे एक युनिक्स कॉम्प्युटर दुसऱ्याला स्वतःच फोन लावून फाइली आणि टपाल पोहोचवू लागला. रात्री फोनचे दर कमी असत, म्हणून अनेक ठिकाणी हे काम रात्रीच चाले. मग लॉगिन कोण करणार? त्यासाठी एका फाइलीत फोन नंबर, नाव, पासवर्ड आणि ठरलेला संवाद लिहून ठेवत: अमुक शब्द येईपर्यंत थांब, मग तमुक पाठव. गंमत म्हणजे त्यात 'लॉगिन'चे पहिले अक्षर गाळून फक्त 'ऑगिन'ची वाट पाहत. कारण ते अक्षर मोठ्या लिपीत येईल की लहान, याचा भरवसा नसे. ही आजच्या लॉगिन स्क्रिप्टची पणजी. पण पासवर्ड त्या फाइलीत उघडा पडलेला असे. फाइल ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्या शेजाऱ्यांच्या किल्ल्या!

१९८० च्या दशकात बर्कलेच्या युनिक्सने दुसरी वाट काढली. ओळखीच्या यंत्रांची यादी ठेवायची आणि तिथून आलेल्याला पासवर्ड न विचारताच आत घ्यायचे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा 'वर्म' इंटरनेटवर सुटला. त्याने इतर त्रुटींबरोबर या विश्वासाचाही फायदा घेतला. सुमारे ६,००० कॉम्प्युटर बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा केला गेला.

१९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डॉन लाइब्ज यांनी 'एक्सपेक्ट' हे साधन जगापुढे मांडले. 'थांब आणि पाठव' ही जुनीच रीत आता टेलनेटपासून एफटीपीपर्यंत कुठेही वापरता येऊ लागली. सोय वाढली, पण लोक पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहीत राहिले. शिवाय टेलनेट तो तारेवरूनही उघडाच नेत असे.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी असेच पासवर्ड टिपून घेतले. त्यानंतर तिथले टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्यात सगळी ये-जा सांकेतिक होते. लॉगिनसाठी किल्ल्यांची जोडीही वापरता येते: एक सार्वजनिक, जी सर्व्हरवर ठेवायची आणि एक खाजगी, जी आपल्याच यंत्रात राहते. आज आपले यंत्र खाजगी किल्लीने सही करते, सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने तपासतो. गुपित घराबाहेर पडतच नाही.

अर्थात खाजगी किल्ली हीदेखील एक फाइलच आहे, चोरीला जाऊ शकते. म्हणून तिला सांकेतिक वाक्याचे कुलूप लावतात. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी वेगळी किल्ली करतात आणि तिला सर्व्हरवर एकाच कामाची परवानगी देतात. बॅकअप घेणाऱ्याने बॅकअपच घ्यावा, घरभर फिरू नये.

मी शिक्षक आहे. शाळांची माहिती ऑनलाइन भरताना पासवर्ड मॉनिटरवर चिठ्ठीने चिकटवलेला किंवा सायबर कॅफेतल्या मुलाला फोनवर सांगितलेला मी पाहिला आहे. त्या पासवर्डमागे शेकडो मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. ती माहिती पालकांनी आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. काम दुसऱ्याला जरूर सोपवा, पण त्याला स्वतंत्र खाते आणि कामापुरताच अधिकार द्या. काम संपले की तो काढून घ्या.